सोडल्यानंतरचे दिवस

"पियत होतो तेव्हा निदान कामाक तरी जायत होतो. आता नुसतो बसान रवता."

दारू सोडून तीन-चार आठवडे झालेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारी कधी आई असते, कधी बायको, कधी शेजारचे काका. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. ज्या दिवसाची वर्षानुवर्षं वाट पाहिली तो उजाडला, बाटली सुटली, आणि घरात आनंद यायच्या ऐवजी एक मरगळलेला, दचकणारा, रात्रभर कूस बदलणारा माणूस येऊन बसला. हा आपला माणूस नव्हे असं सगळ्यांना वाटतं, त्याला स्वतःलाही. मग कुणीतरी, बहुतेक वेळा तो स्वतःच, हिशेब मांडतो की याच्यापेक्षा पिणं काय वाईट होतं.

ही पुस्तिका त्या हिशेबाला उत्तर म्हणून लिहिली आहे. दारूचे दुष्परिणाम सांगणारी व्याख्यानं आपल्याकडे शाळेपासून होतात. दारू सोडण्याबद्दलही बरंच बोललं जातं. पण सोडल्यावर काय होतं, पहिले काही महिने शरीर आणि मन कसं वागतं, हे निदान आमच्या धामापूर, काळसे, नेरूरपार, चौके या पट्ट्यात कुणी उघडपणे सांगत नाही. मी स्वतः त्या दिवसांतून गेलो आहे आणि नंतर अनेकांच्या ओसरीवर जाऊन बसलो आहे. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. पहिल्या महिन्यांतली ती धास्ती आणि ते गळून गेलेलं अंग, हा बरं होण्याचाच भाग आहे. हे ज्याला आणि ज्याच्या घरच्यांना आधी माहीत असतं तो टिकण्याची शक्यता खूप वाढते. ज्याला माहीत नसतं, त्याला वाटतं की आपण मुळातच असे आहोत आणि दारूनेच आपल्याला उभं ठेवलं होतं.

असं का होतं ते आधी सांगतो. मेंदूत उत्तेजना आवरणारी एक यंत्रणा असते आणि ती वाढवणारी दुसरी. आवरणाऱ्या रसायनाचं नाव गाबा, चेतवणाऱ्याचं ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून दोन पेग पोटात गेले की माणूस सैल होतो. रोजच दारू येते म्हटल्यावर मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने जोर लावतो. आपल्याकडची रापण डोळ्यांसमोर आणा. दोन्ही दोरांवर माणसं रेटून ओढत असतात. एका बाजूने दोर एकदम सोडला तर दुसऱ्या बाजूची माणसं वाळूत कोलमडतात. दारू अचानक थांबते तेव्हा मेंदूचं तेच होतं. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, काहीतरी भयंकर घडणार असं वाटत राहतं. हे शेवटच्या घोटानंतर काही तासांतच सुरू होतं.

इथे थांबून एक गंभीर गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, एका दिवसात, कुणाला न विचारता दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून घाड्याकडे नेतात आणि मोलाचे तास निघून जातात. ही अवस्था जीव घेऊ शकते. ओरोसचं सरकारी रुग्णालय गाठावं, किंवा जवळच्या कुठल्याही डॉक्टरला खरं काय ते सांगावं. तिथे ठरावीक दिवस, उतरत्या प्रमाणात गोळ्या देऊन हा काळ सुखरूप काढता येतो. व्हिटॅमिन बी-१ म्हणजे थायमिनही देतात, कारण दारू ते शरीरात शोषू देत नाही आणि त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पहिले दोन आठवडे माडावर चढू नये, होडीतून एकट्याने जाऊ नये, तलावात किंवा विहिरीत पोहायला उतरू नये. झटका कुठे गाठेल सांगता येत नाही.

हे चार-आठ दिवस पार पडले की घरच्यांना वाटतं, सुटलो. खरी कसोटी त्याच्या पुढे असते, कारण आता दिसण्यासारखं काही नसतं. हात थांबलेले असतात, रंग सुधारलेला असतो, जेवण जातं. पण पहाटे चारला छातीत धस्स होऊन जाग येते. फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. पोस्टमन दिसला तरी बँकेची नोटीस आली असं वाटतं, आणि ती कधी कधी खरंच आलेली असते. दुपारी हातपाय गळून जातात. माशाच्या कढीला चव नसते, दशावताराला जाऊन बसलं तरी मन रमत नाही. त्याचंही कारण आहे. दारूने वर्षानुवर्षं मेंदूतली आनंदाची व्यवस्था इतकी हलवलेली असते की साध्या गोष्टींना ती दाद देईनाशी होते. तिला पुन्हा जागं व्हायला आठवडे लागतात, काहींना महिने. झोपेची घडी तर त्याहून सावकाश बसते.

स्वप्नांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण लाजेपोटी कुणी बोलत नाही. दारू सोडलेल्याला दारू पीत असल्याची स्वप्नं पडतात, इतकी खरी की उठल्यावर तोंडात वास आल्यासारखा वाटतो आणि माणूस रडकुंडीला येतो. त्याचा निश्चयाशी काही संबंध नाही. दारूने दाबून ठेवलेली स्वप्नांची झोप उसळून परत येते, त्यातलं हे आहे. शेजारी झोपलेल्या माणसाला उठवून सांगून टाकावं आणि पाणी प्यावं.

जे आज डोंगरासारखे खंबीर वाटतात तेही यातून गेलेले आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस काही महिनेच कोरडा होता. धंद्यातलं काम फसलं होतं, परक्या गावातल्या हॉटेलात एकटा होता, आणि समोरच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. त्याने फोन उचलला आणि आपल्यासारख्याच कुणा दारुड्याशी बोलता येईल का याची चौकशी केली. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. या डॉक्टरांचे हात इतके कापत की 10 जूनला शस्त्रक्रियेला जाताना बिलनेच त्यांना बिअरची बाटली दिली. तो त्यांचा शेवटचा घोट. त्यानंतर त्यांनी मरेपर्यंत दारूला हात लावला नाही, पण दारूची ओढ आपल्याला सुमारे अडीच वर्षं छळत होती असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. बिल विल्सनला तर दारू सोडून दहा वर्षं होत आली असताना नैराश्याने गाठलं, आणि ते पुढे कित्येक वर्षं येत-जात राहिलं. तो प्यायला नाही. लोकांना आधार देत राहिला आणि स्वतःच्या उदासीबद्दल बोलत राहिला. मला या दोघांचं मोठेपण त्यांच्या निश्चयापेक्षा या प्रामाणिकपणात दिसतं.

आपल्या मातीतलं उदाहरण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांच्या प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये देऊ केले, आणि डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते केंद्र उभं केलं. तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा. त्यातले औषधोपचाराचे दिवस थोडेच. बाकीचा सगळा वेळ उठणं, व्यायाम, केरवारा, गटात बसून बोलणं, ऐकणं यासाठी राखलेला. शरीरातून दारू जायला काही दिवस पुरतात, पण दारूशिवायचा दिवस कसा भरायचा ते शिकायला वेळ लागतो, ही समज त्या रचनेतच आहे. बरे झालेले कित्येक जण तिथेच समुपदेशक झाले. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, कारण नवऱ्याची दारू सुटली तरी तिची धास्ती त्याच दिवशी सुटत नाही. नवरा उशिरा आला की तिचं नाक अजून वास शोधतं.

पण धामापुरातून पुण्याला जाऊन पाच आठवडे राहणं किती जणांना जमणार? 2019 साली केंद्र सरकारने दिल्लीच्या 'एम्स'कडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूच्या विळख्यात सापडलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा तर 180 जणांत एक. उरलेले सगळे घरीच सोडतात, घरीच कुंथतात, घरीच पुन्हा सुरू करतात. म्हणून ही पुस्तिका घरासाठी आहे.

घराने काय करायचं याची एक छोटी गोष्ट मी शेजारच्या एका वाडीत पाहिली. नवऱ्याचे हात अजून थरथरत होते. त्याच्या बायकोने चहाचा कप अर्धाच भरून त्याच्या हातात दिला. सांडू नये म्हणून. तो प्यायला, तिने पुन्हा अर्धा भरला. दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही आणि समोर पाहुणे बसले असूनही कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे हात थांबले तसा कप भरू लागला. या पुस्तिकेत घरच्यांसाठी जे काही लिहिलं आहे त्यात याच्याहून शहाणं काही नाही.

खाण्यापिण्याबद्दल आपलं कोकण भाग्यवान आहे. उकड्या तांदळाची पेज हे या काळातलं उत्तम अन्न. भात उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्यात मुरतं, म्हणून पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा उकड्यात ते जास्त टिकतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलायात थायमिनच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीचा अभ्यास झाला, तेव्हा उकडा खाणारे त्या रोगापासून वाचतात हे दिसून आलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून फक्त पेज प्यावी असा याचा अर्थ नाही. पण सकाळी दहाला पेज, सोबत खोबऱ्याचा तुकडा, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, असं वेळच्या वेळी पोटात गेलं तर दुपारच्या त्या गळाठ्यातला बराच भाग कमी होतो. रिकाम्या पोटी जी घबराट होते ती पुष्कळदा भूकच असते. सुरुवातीला गोडाची वासना फार होते. मधुमेह नसेल तर खुशाल मालवणी खाजा खाऊ द्यावा. चहा मात्र मोजून. दिवसाला आठ-दहा कप कोरा चहा आणि तंबाखूचा बार भरून धडधड कशी थांबणार?

चालणं हे दुसरं औषध. धामापूरचा तलाव 1530 साली नागेश देसाई यांनी बांधवला असं सांगतात. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला तेव्हा गावाला आनंद झाला, पण काठावर भगवतीचं देऊळ आणि भोवती झाडी असलेली ती जागा आम्हाला आधीपासून उपयोगी पडत आली आहे. पहाटे धस्स होऊन जाग आली की अंथरुणात आढ्याकडे बघत पडू नये. तांबडं फुटलं की कुणाला तरी सोबत घेऊन बांधापर्यंत चालत जावं. दमेपर्यंत चालायची गरज नाही. अंगात शक्ती आल्यावर चालू म्हणणारे कधीच चालत नाहीत. थोडं चाललं की मग शक्ती येते, हा क्रम लक्षात ठेवावा. छाती धडधडू लागली तर तिथेच बसून श्वास सोडण्याची वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवावी. पाच-दहा मिनिटांत लाट ओसरते, आणि ती ओसरते हे दोन-चारदा अनुभवलं की तिची भीती कमी होते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांत चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. आपल्याकडे यातला एकटेपणा सर्वांत घातक. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी शाकारल्या जातात, पाऊस धो-धो लागलेला असतो, आणि दिवेलागणीला पाय आपोआप नेहमीच्या दिशेने वळतात. गोव्याची हद्द जवळ, तिथली दारू स्वस्त, आणि ती घरपोच आणून देणारे मित्रही तयार. चतुर्थीला चाकरमानी येतात ते प्रेमाने बाटली घेऊन येतात. "वायच घे, एकान काय जाता?" या प्रेमाला नाही म्हणायला जी ताकद लागते ती नेमकी त्याच काळात अंगात नसते. म्हणून ती ताकद त्याच्याकडून मागू नये. घरातल्या मोठ्याने आधीच फोन करून सांगावं की यंदा आमच्या घरी बाटली येणार नाही.

राखणीबद्दलही बोललं पाहिजे. वर्षाची राखण देताना राखणदाराला कोंबड्यासोबत दारू दाखवायची रीत अनेक घरांत आहे. रीतीचा मान मलाही आहे. पण ती बाटली आणायला, ओतायला नुकती दारू सोडलेल्या माणसाला पाठवू नये. नारळावर भागवलं तर राखणदार रागावणार नाही, एवढी माझी श्रद्धा आहे. देवासमोर घेतलेल्या शपथेचंही तसंच. अनेकांना तिचा आधार होतो, हे मी पाहिलं आहे. मात्र एखाद्या दिवशी पाऊल घसरलं तर शपथ मोडली, आता सगळंच संपलं, असं समजून माणूस महिनाभर पीत सुटतो. त्या दिवशी घरच्यांनी जुनी उणीदुणी काढू नयेत. घसरला तो दिवस एक, त्याआधीचे सगळे दिवस त्याचेच आहेत.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. जेवणात गुपचूप कालवायची "दारू सोडवायची पावडर" कुणी आणून दिली तर ती वापरू नका. त्यात डायसल्फिरम असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस दगावूही शकतो. हे औषध खरं आहे, उपयोगीही आहे. पण ते घेणाऱ्याला ठाऊक असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. कुणाच्या तरी उरलेल्या स्ट्रिपमधून रोज एक गोळी, असं करत एका व्यसनातून दुसऱ्यात गेलेली माणसं आपल्या आसपास आहेत.

डॉक्टर नसलेला माणूस यात काय करू शकतो, असं मला नेहमी विचारतात. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. साध्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचं, एवढाच. 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी त्या गटातले 36 टक्के लोक घातक पिण्यातून बाहेर आलेले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 26 टक्के. हे लोक पूर्णपणे व्यसनाधीन झालेले नव्हते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या घराला लावता येणार नाही. पण कोकणातल्याच माणसाने कोकणातल्या माणसाशी नीट बसून बोलण्याला किती किंमत आहे, ते यातून दिसतं.

पिणाऱ्या बायकांविषयी या पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्या घराबाहेर बोलत नाहीत, आणि सोडल्यावर आजारी पडल्या तरी त्यांना अर्धा दिवस झोपायची मुभा मिळत नाही. चूल त्यांच्याचकडे असते. ते प्रकरण पुरुषांनी अवश्य वाचावं.

किती दिवस थांबायचं, हा प्रश्न उरतो. दारूमुळे आलेली उदासी आणि घबराट बऱ्याच जणांची महिनाभरात ठळकपणे उतरते. तेवढ्यात उतरली नाही, किंवा दिवसेंदिवस वाढत गेली, तर ती दारूखाली दडलेली वेगळी व्याधी असू शकते आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. थकवा हटत नसेल तर रक्त तपासून घ्यावं: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, यकृत. आणि जगण्यात अर्थ नाही असं तो एकदाही म्हणाला, तर महिना मोजत बसू नये. त्याच क्षणी त्याच्याजवळ कुणीतरी बसावं आणि दुसऱ्याने फोन लावावा. टेली-मानसचा क्रमांक 14416 आहे, व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक 14446, रुग्णवाहिका 108. तिन्ही मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापले आहेत.

पहिला भाग पहिल्या दहा दिवसांचा आहे. तो घरच्यांनी आधी वाचावा. ज्याने दारू सोडली आहे त्याला त्या दिवसांत अक्षरावर नजर ठरवणं जड जातं, म्हणून त्याला कुणीतरी शेजारी बसून थोडा थोडा वाचून दाखवावा.